दोन्ही बाजू

"हे कुणाचं आहे?"

धम्मानंद सरांनी एक उत्तरपत्रिका वर धरली. विचारायची तशी गरज नव्हती. परभणीच्या त्या पत्र्याच्या अभ्यासवर्गात कागदाच्या पाठीवर वळ उठतील इतकं दाबून लिहिणारी एकच होती. सुकेशनी उभी राहिली.

"प्रश्न काय होता?"

"ग्रामीण भागात सार्वजनिक सुविधांचा लाभ सर्वांना समान मिळतो का, चर्चा करा."

"आणि तू काय लिहिलंस?" सरांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि वाचायला घेतलं. "'समान मिळत नाही. आमच्या वस्तीला मसणवट्याची वाट आहे. ती दर पेरणीला थोडी बारीक होते. वाट आपोआप बारीक होत नाही. कुणीतरी तिच्यात फाळ घालतं, आणि त्याचं नाव साऱ्या गावाला ठाऊक असतं.'" ते थांबले. "सुकेशनी, हे उत्तर नाही. हे भांडण आहे."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

"खोटं आहे का सर?"

"खोटं कोण म्हणतंय? खरं आहे म्हणून दहापैकी तीन दिले, नाहीतर दीडच होते." सर टेबलाला टेकले. "अगं, तपासणारा कुठंतरी पंख्याखाली बसलेला असतो. पुढ्यात गठ्ठा, मानेला रग. तुझा राग घेऊन तो काय करणार? त्याला दिसलं पाहिजे की उद्या ही खुर्चीत बसली तर कुणाच्या अंगावर धावून जाणार नाही. आधी प्रस्तावना. मग एकीकडे. मग दुसरीकडे. आणि शेवटी पुढील दिशा. दिशा आशादायी पाहिजे."

"सर, दिशा सापडलीच न्हाई तर?" जिंतूरकडचा बालाजी म्हणाला.

"तर समिती नेमायची."

वर्ग खदखदून हसला. सुकेशनीला हसू आलं नाही. तिनं पेपर घेतला आणि खाली बसली. तिच्या वाक्यांखाली लाल रेघा होत्या, आणि समासात सरांच्या देखण्या अक्षरात एकच शब्द होता: समतोल.

हा माणूस परका असता तर तिनं वर्ग सोडला असता. पण धम्मानंद सर तिच्याच समाजातले, मानवतच्या भीमनगरात वाढलेले. दिल्लीच्या मुलाखतीपर्यंत दोनदा जाऊन आलेले आणि दोनदा हात हलवत परतलेले. वस्तीतल्या, तांड्यातल्या पोरांना ते जीव तोडून शिकवत. आपण जिथं ठेचकाळलो तिथं पोरांनी ठेचकाळू नये, एवढाच त्यांचा सोस. आणि सुकेशनीला ही परीक्षा काढायचीच होती. उमेदीची वर्षं तिनं पर्यायांचे गोळे काळे करण्यात घातली होती; दोनदा थोडक्यात हुकली. आता आयोगानं मुख्य परीक्षा लेखी केली होती. गोळे काळे करणाऱ्या हाताला पुन्हा लिहायला शिकवायचं होतं.

तर ती शिकली.

राग काढून टाकता येतो. मेथीच्या जुडीतून काड्या काढतात तसा. आधी बोटं दुखतात, मग सवय होते, मग बोलता बोलता हात आपोआप काड्या बाजूला टाकत राहतो. 'तथापि' आलं. 'असे असले तरी' आलं. दुष्काळावर लिहिलं तरी ती आधी पावसाची बाजू मांडायची. हुंड्यावर लिहिलं तरी शेवटी प्रबोधनाची पहाट व्हायची. तिनाचे पाच झाले, पाचाचे साडेसहा. तिच्या उत्तरांच्या झेरॉक्स निघायला लागल्या. नव्यानं आलेल्या पोरी त्या समोर ठेवून गिरवायला लागल्या. खोलीत तिच्यासोबत राहणारी अपेक्षा तर तिची टिंगलच करायची.

"तुला इचारलं भात टाकू का पोळ्या लाटू, तर तू म्हणतीस दोन्हींचे गुणदोष हायत. शेवटाला उपाशीच झोपतोत आपण."

सुकेशनी हसायची. आपल्या आत काहीतरी सपाट व्हायला लागलंय हे तिला कळत होतं. सपाट जमिनीवर पाणी साचत नाही, असं ती स्वतःची समजूत घालायची.

---

मिरग निघाला त्या आठवड्यात आबाचा, तिच्या वडलांचा, फोन आला.

"वाट गेली माय."

"कुठली वाट?"

"मसणवट्याची. व्यंकटरावानं आवंदा सगळीच नांगरली. सरकी लावून बी मोकळा झाला."

थडी बोरखेड हे गोदावरीच्या काठचं गाव. एसटी फाट्यावर सोडते, पुढं पायी. बौद्धवस्ती गावाच्या खालच्या अंगाला. वस्तीतून निघून बाभळीखालून, व्यंकटरावाच्या वावराच्या कडेनं, उंचवट्या-उंचवट्यानं एक गाडीवाट मसणवट्याला जायची. ती नसली तर दुसरा रस्ता ओढ्यातून. बंधारा झाल्यापासून तिथं बंधाऱ्याचं पाणी तटतं आणि पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत कमरेला लागतं. सुकेशनीच्या आईला असंच पाण्यातून नेलं होतं. त्या वर्षी व्यंकटरावानं वाटेवर काट्या टाकल्या होत्या. मधल्या धारेत खांदेकऱ्याचा पाय घसरला, तिरडी कलली आणि आईचे पाय, पांढऱ्या कापडासकट, पाण्यात बुडाले. सुकेशनी तेव्हा शाळकरी होती. काठावर उभी होती. ओल्या कापडातून दिसणारी आईच्या पायांची बोटं तिला अजून दिसायची.

ती गावात पोचली तेव्हा सगुणाआत्या ओसरीला बाजेवर पडून होती. आबाची मोठी बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला, भावाच्या घरी आली, आणि भावाची बायको गेल्यावर तिच्या लेकरालाच आपलं लेकरू केलं. आता छाती भरलेली, पाय सुजलेले. परभणीच्या दवाखान्यातून दोनदा आणून झालं होतं. तिसऱ्यांदा नेऊ नका म्हणून तिनंच सांगितलं होतं. दळण गिरणीत जायला लागलं तरी आत्याच्या तोंडच्या ओव्या काही बंद झाल्या नव्हत्या. निंदताना, भाकरी थापताना, आता बाजेवर पडल्या पडल्या, धाप लागली की मधे थांबून:

बाभळीखालची वाट, वाट म्हणती ये गं बाई
तुझ्या आईचं पाऊल, अजून मी पुसलं न्हाई

"आत्या, बोलू नको, धाप लागतीय."

"बोलत न्हाई माय, म्हणायलेय." आत्यानं तिचा हात धरला. "सुके, माझं एवढंच हाय. मला वाटंनं न्या. पाण्यातून नका नेऊ. तुझ्या आईचं बघितलंय मी. माणसाला शेवटाला तरी कोरडं जाऊ द्यावं."

"काहीतरीच काय बोलतीस."

"काहीतरीच न्हाई. तू सायबीन व्हायलीस न्हवं? मग लिव्ही की त्यांना."

आबा, म्हणजे रंगनाथ, जन्मभर लोकांच्या वावरात राबलेला माणूस, दाराला टेकून उभा होता. तोही म्हणाला, "तूच लिव्ही. तुझ्या हातचं तालुक्याला समजंल. आमी लिव्हलं तर गरिबाचं गाऱ्हाणं म्हणून ठिवून देतेत."

सुकेशनीनं आधी जाऊन वाट पाहिली. पाहिली म्हणजे काय, नव्हतीच ती. बाभूळ उभी होती आणि तिच्या पायापासून काळंभोर रान सुरू होत होतं. ओळीत सरकी उगवून आलेली, दोन-दोन पानांची. इतकी नीट, इतकी कोवळी, की शिवी तोंडाशी येऊन अडखळावी. गावाच्या नकाशात ही वाट तुटक रेघेनं दाखवलेली आहे, हे तिला ठाऊक होतं. तलाठ्याकडून तिनं नक्कल काढून आणली होती. नकाशात असलेली वाट कुणी अडवली तर तहसीलदारानं ती मोकळी करून द्यायची असते. कायदा एवढा सरळ होता.

ती ओसरीला बसली आणि लिहायला लागली. हात सरसर चालला. प्रस्तावनेत संविधानातलं कलम आलं, माणसाला मरणानंतरही प्रतिष्ठा असते हे आलं. मुख्य भागात वाट आली, नकाशा आला, ओढा आला. मग, कुणी सांगितलं नसताना, हातानंच वळण घेतलं. 'दुसरीकडे, वारसावाटणीमुळे जमिनीचे झालेले तुकडे व शेतकऱ्याची होणारी अडचण हीदेखील दुर्लक्षून चालणार नाही.' आणि शेवटी, खाली थोडी जागा सोडून: 'सदर प्रश्नाकडे संघर्षाच्या नव्हे तर सामंजस्याच्या दृष्टीने पाहून, परस्पर संवादातून तोडगा काढणे हे गावाच्या एकोप्यासाठी हितावह ठरेल.'

तिनं आबाला वाचून दाखवलं. आबा लक्ष देऊन ऐकत होता. मधेच त्यानं मान वर केली.

"ह्ये त्याचं कामून लिव्हलंस?"

"दोन्ही बाजू मांडाव्या लागतात आबा. न्हाईतर वजन पडत न्हाई."

"असं हाय व्हय," आबा म्हणाला. लेक शिकलेली. वस्तीनं सह्या केल्या, अंगठे दिले. आत्यानं बाजेवर उठून बसून अंगठा दिला आणि शाई पदराला पुसत म्हणाली, "लय मोठं लिव्हलंस गं. एवढं तर मला वाचता बी आलं नसतं."

---

नायब तहसीलदार शुभदा मॅडम सुकेशनीपेक्षा वयानं लहानच असाव्यात. स्वभावानं चांगल्या होत्या. आबाला त्यांनी उभं ठेवलं नाही. स्वतः शिपायाला सांगून खुर्ची मागवली. तेच जास्त लागलं पुढं.

"अर्ज तुम्ही लिहिलाय?" त्यांनी सुकेशनीला विचारलं. "तयारी करताय का?"

"हो."

"वाटलंच. काय सुंदर लिहिलंय. बघा, इतके अर्ज येतात, सगळे नुसते आरोप. याला आत टाका, त्याला बडतर्फ करा. तुमच्यात कसा समतोल आहे." त्या मोकळ्या हसल्या. "आमच्या वेळेला नुसते गोळे होते, आम्हाला एवढं लिहायला लागलं नाही. तुम्ही नक्की काढणार."

"मॅडम, वाटेचं काय झालं?"

"हो, ते झालंय ना. आदेश केलाय." त्यांनी फाईल उघडली आणि वाचायला लागल्या. सरकारी कागद वाचतात तसं, भरभर, मधे श्वास न घेता. "'अर्जदार यांनी स्वतःच नमूद केल्याप्रमाणे सदर प्रश्नाकडे संघर्षाच्या नव्हे तर सामंजस्याच्या दृष्टीने पाहून परस्पर संवादातून तोडगा काढणे हितावह आहे. तसेच शेतकऱ्याची अडचण अर्जदारांस मान्य असल्याचे दिसून येते. सबब उभय पक्षांनी आपसात चर्चा करावी. अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'"

स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना सुकेशनीच्या कानात आधी नुसती घूं झाली. मग कानाच्या पाळ्या तापल्या. तिच्या उत्तरांची झेरॉक्स निघायची; ही शेवटची झेरॉक्स. शिक्क्यासकट.

"मॅडम, आम्ही वाट मागितली होती."

"हो ना, पण मागणी अशी स्पष्ट कुठं आहे? मी शोधली. शेवटच्या परिच्छेदात तुम्हीच संवाद म्हणताय." मॅडमनी कागद तिच्याकडं फिरवला. त्यांचा आवाज खरोखरच मऊ होता. "मी तुमच्या शब्दाबाहेर कुठं गेले?"

गेल्या नव्हत्या. एका शब्दानंही नाही. आबा उठला, हात जोडले आणि खुर्ची जिथून आणली होती तिथं उचलून ठेवली. बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "चल माय, गाडी लागली असंल." लेकीला त्यानं बोल लावला नाही. एखादी शिवी दिली असती तर सुकेशनीला सोसलं असतं.

आदेशाची प्रत त्यांच्या आधी गावात पोचली होती. फाट्यावरच्या हॉटेलात व्यंकटराव चहा पीत बसला होता, आणि चष्मा लावून ती मोठ्यानं वाचत होता. टोपी स्वच्छ, मिशा कातरलेल्या, आवाजात लाडीगोडी.

"या, या सायबीण बाई. रंगनाथ, तुझ्या पोरीनं झ्याक लिव्हलंय गड्या. 'शेतकऱ्याची अडचण दुर्लक्षून चालणार न्हाई.' आमच्या पोरानं सुद्धा आमच्याबद्दल असं कधी लिव्हलं न्हाई. चहा सांगू का?"

हॉटेलातली माणसं हसली. त्यात वस्तीतल्यांचंही एखादं हसू होतं, आणि ते तिला सगळ्यात आधी ऐकू आलं.

"वाट सोडा व्यंकटराव."

"सोडू की. संवाद करू. तूच म्हणलीस न्हवं? दिवाळीनंतर बसू निवांत. कापूस निघू दे."

---

परभणीला परतली तेव्हा वर्ग सुटला होता. धम्मानंद सर एकटेच फळा पुसत होते. सुकेशनीनं आदेश त्यांच्या टेबलावर आपटला. टेबलावरचा खडू घरंगळून खाली पडला आणि मोडला.

सरांनी वाचला. पुन्हा वाचला. वाक्य त्यांनी ओळखलं, कारण ते त्यांचंच होतं. फळ्यावर त्यांनीच एकदा लिहून दिलं होतं.

"हे तू अर्जात लिहिलंस?"

"तुम्ही शिकवलंत."

"पेपरात लिहायला शिकवलं. पेपरात. तुला घरचा राग कुणी काढायला सांगितला होता?"

"दोन ठिकाणी दोन ठेवायचे असतात का राग? एक तपासणाऱ्याला दाखवायचा आणि एक पेटीत घालून ठेवायचा?" तिचा आवाज पत्र्याला जाऊन भिडला. "माझी आई पाण्यातून गेली सर. आणि त्या माणसाची अडचण मी लिहिली. माझ्या हातानं. मला कुणी धरून बसवलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. हात आपोआप गेला. तुम्ही हातच बदलून टाकलात माझा."

सर खुर्चीत बसले आणि पुसायच्या फडक्याची घडी करत राहिले. उलगडली, पुन्हा केली.

"माझ्या पहिल्या मुलाखतीत एकानं मला विचारलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही चिडता का? मी म्हणलं, नाही. दुसऱ्या खेपेला कुणी विचारलंच नाही. चेहऱ्यावरच दिसत असेल." त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. "मी पण काढून टाकला होता गं. परत घालता येईना."

तिला त्यांची कीव आली आणि त्या किवेचाही राग आला. मोडलेला खडू तसाच फरशीवर ठेवून ती निघाली.

दुसरा अर्ज तिनं त्याच दिवशी लिहिला, बसस्टँडच्या बाकावर, गुडघ्यावर वही ठेवून. हाताला दोनदा 'तथापि' आलं. दोनदा तिनं ते असं खोडलं की कागद फाटला. शेवटी उरलं ते एवढंच: 'वस्तीतून स्मशानभूमीकडे जाणारी गाडीवाट गाव नकाशात आहे. व्यंकटराव यांनी ती नांगरून पेरली आहे. नकाशाप्रमाणे वाट मोकळी करून मिळावी.' शुभदा मॅडमनी तो घेतला, मागंपुढं करून पाहिला.

"एवढंच? मागचा किती छान होता."

"एवढंच."

"बरं. पण आता पीक उभं आहे हो. पीक निघाल्यावर स्थळपाहणी लावते. नुकसानीचा प्रश्न येतो ना, त्यांची बाजूही..." त्या थांबल्या. सुकेशनीच्या चेहऱ्याकडं पाहून थांबल्या असाव्यात.

---

पीक निघेपर्यंत आत्या थांबली नाही.

पोळ्याच्या आधी, सकाळी, आबानं तिला पाणी पाजायला मान उचलली आणि मान हातातच राहिली. सुकेशनी पोचेपर्यंत आत्याला आंघोळ घालून, पांढरं नेसवून, विहारासमोर ठेवलं होतं. उशाला मेणबत्ती. वाऱ्यानं ती विझायची आणि वस्तीतली सुलाबाई पुन्हा पुन्हा पेटवायची. त्रिसरण-पंचशील झालं. आबा बहिणीच्या पायाशी बसून होता, रडत नव्हता. तिच्या सुजलेल्या पावलांवरून हात फिरवत होता, आता उतरेल सूज अशा हातानं.

तिरडी उचलली. सिद्धोधन, सुकेशनीचा चुलतभाऊ, पुढच्या खांद्याला. सगळे बाभळीपाशी आले आणि थांबले.

कपाशी कमरेला आली होती. पिवळी फुलं लागलेली. बांधावर व्यंकटराव उभा होता, स्वच्छ टोपी, हात जोडलेले, मागं त्याचे दोन पुतणे आणि एक सालगडी.

"सगुणाबाई लय चांगली बाई होती," तो म्हणाला. "आमच्या आईसंगं निंदायला असायची. पण लेकरासारखं जपलेलं पीक हाय रंगनाथ. तुमी समजदार माणसं. आजच्या दिवस पाण्यातून न्या. पुढचं बसून बोलू."

"बाजूला व्हय," सिद्धोधन म्हणाला.

पुतण्यानं एक पाऊल पुढं टाकलं.

"सिद्ध्या." आबाचा आवाज. मोठा नव्हता. "अक्काला खांद्यावर घिऊन भांडायचं न्हाई."

"आबा, तिनं सांगितलंय." सुकेशनी वाट अडवून उभी राहिली, आपल्याच माणसांच्या पुढं. "मला सांगितलंय. पाण्यातून नको म्हणून. खाली ठेवा तिला. इथंच ठेवा. मॅडमला बोलावते, तलाठ्याला बोलावते, नकाशा हाय माझ्यापाशी. वाट मोकळी होईस्तोवर हलायचं न्हाई."

त्यांनी तिरडी बाभळीखाली ठेवली. तिनं फोन लावले. मॅडम जिल्ह्याला बैठकीला होत्या. तलाठी येतो म्हणाला. मग फोन उचलेना. ऊन चढलं. बाभळीची सावली ती काय, चाळणीसारखी. आत्याच्या तोंडावर उन्हाचे ठिपके पडले. माशा यायला लागल्या. सुलाबाई पदरानं वारा घालत होती, दुसरा हात तोंडावर. बांधावर व्यंकटराव उकिडवा बसला. त्याला घाई नव्हती.

आबा उठून लेकीजवळ आला. सुकेशनीला वाटलं, तो आता ओरडेल.

"माय," तो म्हणाला, "तू खरी हाईस. पर अक्का उन्हात हाय."

एवढे कागद लिहिले, एवढे शब्द गोळा केले, आणि एकाही शब्दाची सावली आत्याच्या तोंडावर पडत नव्हती. तिनं मान हलवली. कुठल्या बाजूला ते तिलाही कळलं नाही. आबानं ते हो म्हणून धरलं.

ते ओढ्यात उतरले. आणि सुकेशनी, काठावर थांबायचं सोडून, पायांकडच्या बाजूला गेली आणि तिनं तिरडीचा बांबू आपल्या डोक्यावर घेतला. पाणी गुडघ्याला आलं, मांडीला, कमरेला. खालचा गाळ पाय गिळत होता. कुणाच्या तरी तोंडून 'बुद्धं सरणं' चाललं होतं, आणि धापा लागून तुटत होतं. मधल्या धारेत सिद्धोधन डगमगला. सुकेशनीनं दोन्ही हात ताणून आत्याच्या पायाकडची बाजू वर, आणखी वर धरली. खांदे निखळून येतील असं वाटलं. दात आवळून ती पुढं सरकत राहिली, आणि तिच्या तोंडून जे निघत होतं ते ना प्रार्थना होती, ना रडणं. ती शिव्या देत होती. हळू आवाजात, एकीमागून एक, आत्या ओव्या म्हणायची तशा. पाण्याला, फाळाला, फाईलीला, समासातल्या लाल शब्दाला, स्वतःच्या उजव्या हाताला.

आत्याचे पाय कोरडे राहिले.

अग्नी देऊन झाल्यावर माणसं परत ओढ्याकडं वळली. सुकेशनी वळली नाही. ती चितेकडं पाठ करून सरळ उंचवट्यावर चढली आणि व्यंकटरावाच्या कपाशीत शिरली.

नकाशातली तुटक रेघ तिला पाठ होती. इथून चिंचेच्या बुंध्याच्या रोखानं, मग बाभळीकडं. ओळींना आडवी. फांद्या तिच्या ओल्या सलवारीला ओरबाडत होत्या; काही मोडत होत्या. ती मोडून घेत होती. व्यंकटराव बांधावरून धावत पुढं आला. पहिल्यांदाच त्याच्या टोपीला धक्का लागला होता.

"ए पोरी! उभं पीक तुडवायलीस! तक्रार करीन मी!"

सुकेशनी थांबली. तिच्या अंगावरून अजून ओढ्याचं पाणी निथळत होतं.

"करा," ती म्हणाली. "लिहिता येत नसंल तर मी लिहून देते. तुमची एकच बाजू लिहीन. पुरी."

ती त्याच्या शेजारून पुढं गेली. इतकी जवळून, की त्याला बाजूला सरकावं लागलं. पुतण्यानं चुलत्याकडं पाहिलं. चुलता पलीकडं, चितेच्या धुराकडं पाहत होता.

काळ्या रानात तिच्या पावलांचे ठसे उमटत गेले, खोल, आणि प्रत्येकात थोडं थोडं पाणी. बाभळीपाशी पोचल्यावर तिनं मागं वळून पाहिलं. ओढ्याच्या काठावर माणसं थबकली होती. त्यांच्यातून आबा निघाला. सावकाश उंचवटा चढला, पायातल्या चपला काढून हातात घेतल्या, आणि खाली बघत, लेकीच्या एकेका ठशात नेमकं पाऊल टाकत चालायला लागला.